जॅमिंगच्या गोंगाटातून शॉर्टवेव्ह कशी ऐकावी

मार्च २०२२ मध्ये कीवच्या टीव्ही मनोऱ्यावर हल्ला झाला आणि बीबीसीने युक्रेन व रशियाच्या काही भागांसाठी शॉर्टवेव्हवर (आकाशातून परत फिरून फार दूर पोहोचणाऱ्या रेडिओ लहरींवर) रोज चार तास बातम्या सुरू केल्या. तिथल्या वेळेनुसार दुपारी ४ ते ६ या वेळात १५७३५ किलोहर्ट्झ आणि रात्री १० ते १२ या वेळात ५८७५. दोन फ्रिक्वेन्सी का, हे कळलं की निम्मं काम झालं. दिवसा आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) खालचा थर कमी फ्रिक्वेन्सी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, पण वरचा थरही दुबळा होतो आणि जास्त फ्रिक्वेन्सी परत न फिरता अवकाशात निघून जातात. म्हणून दिवसा १९ मीटर बँड, संध्याकाळी २५ आणि ३१, रात्री ४१ आणि ४९. (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा; मीटरचा आकडा मोठा, तितकी फ्रिक्वेन्सी कमी.)

स्टेशनांचं वेळापत्रक यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतं आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. स्टेशन अचानक गायब झालं, तर आधी हे तपासा. दर वेळी जॅमिंगच, म्हणजे प्रसारण ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम सोडलेला गोंगाटच, असतं असं नाही.

जॅमिंग दोन तऱ्हेचं. शहरातल्या जॅमरची लहर जमिनीलगत जाते आणि थोड्याच किलोमीटरमध्ये क्षीण होते. सोव्हिएत काळात लोक गावाबाहेरच्या घरात जाऊन ऐकत, ते यामुळेच. दूरचा जॅमर आकाशातून येतो. तो पूर्वेला आणि मूळ केंद्र पश्चिमेला असेल, तर सूर्यास्ताची वेळ गाठा. जॅमरच्या बाजूला आधी अंधार पडतो आणि त्याची जास्त फ्रिक्वेन्सी परत फिरत नाही. पश्चिमेकडच्या वाटेवर मात्र अजून ऊन असतं. त्या वेळी चालू असलेल्या फ्रिक्वेन्सींपैकी सर्वांत वरची लावा. हा अवधी मोलाचा आहे, वाया घालवू नका.

रेडिओ एसएसबी असलेला घ्या, म्हणजे सिग्नलची एकच बाजू वेगळी काढून ऐकता येईल असा. स्टेशन लागलं की एसएसबी चालू करून बारीक ट्यूनिंग फिरवा. शिट्टीचा सूर खाली खाली येत नाहीसा झाला की थांबा. मग यूएसबी (सिग्नलची वरची बाजू) आणि एलएसबी (खालची बाजू) आलटून पालटून ऐका. गोंगाट बहुधा एका बाजूला जास्त असतो, दुसऱ्या बाजूला निवेदकाचे शब्द सुटे होतात. बँडविड्थ (रेडिओ एका वेळी ऐकतो त्या पट्ट्याची रुंदी) ३ किलोहर्ट्झवर आणा. आवाज दबका होईल, पण शब्द कळतील.

टेलिस्कोपिक अँटेनाला ५ ते ७ मीटर वायर चिमट्याने जोडून खिडकीच्या कडेने आतूनच न्या. बाहेर लोंबणारी वायर लोकांच्या नजरेत येते. वायर जोडल्यावर सगळीकडे एकच स्टेशन ऐकू येऊ लागलं, तर रेडिओवर सिग्नलचा भार जास्त झालाय. रेडिओची संवेदनशीलता कमी करणारं बटण ‘लोकल’वर करा किंवा वायर तोडून आखूड करा. जवळच्या जॅमरवर लूप अँटेना चांगला चालतो. एक मीटर व्यासाचा वायरचा एकच फेरा, त्याच्या टोकांना ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (जुन्या रेडिओत ट्यूनिंगसाठी असतो तो फिरता कंडेन्सर), आत २० सेंटीमीटरचा छोटा फेरा आणि तो रेडिओच्या अँटेना सॉकेटला. कंडेन्सर फिरवून आवाज वाढवा, मग जॅमर दबेपर्यंत लूप हळूहळू वळवा. आकाशातून येणाऱ्या जॅमरवर याचा भरवसा नाही.

रेडिओ बॅटरीवर चालवा. चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, त्यांची खरखर अनेकदा जॅमिंगच वाटते.

उत्तर कोरियात सेट सरकारी स्टेशनवर सील केलेले असतात. सील नसलेला सेट जवळ सापडणं हाच गुन्हा. अशा ठिकाणी इअरफोन लावूनच ऐका, फ्रिक्वेन्सी कागदावर लिहू नका, मेमरीत साठवू नका, आणि उठण्याआधी ट्यूनिंग सरकारी स्टेशनवर आणून ठेवा.