पहिला मेकॅनिकल कीबोर्ड जोडताना या चुका टाळा

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. सुटे भाग मागवून असा कीबोर्ड जोडणं फारसं अवघड नाही. अवघड जातं ते चुकीचा आलेला किंवा हातून मोडलेला भाग परत मिळवणं. शहरात बसलेल्याला बदली स्विच दोन दिवसांत मिळतो. दारव्हा किंवा आर्वी तालुक्यातल्या गावात पार्सल यायला आठवडा लागू शकतो, आणि कुरियरवाला तालुक्याहून फोन करून "येऊन घेऊन जा" म्हणाला तर तीही एक फेरी. म्हणून इथे ज्या चुका निस्तरायला जास्त दिवस मोडतात, त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

मागवण्याआधी

सगळ्यात महाग चूक पेचकस हातात घेण्याआधीच होते. व्हिडिओत छोटा, सुबक ६० टक्क्यांचा कीबोर्ड दिसतो आणि तोच मागवला जातो. त्यात बाणाची बटणं नाहीत, वरची एफ-रांग नाही, नंबरपॅड नाही. सेतू केंद्रावर काम करणाऱ्याला, टॅलीत नोंदी टाकणाऱ्याला, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्याला हे परवडत नाही. त्या फॉन्टमधली काही अक्षरं आल्ट दाबून नंबरपॅडवर आकडे मारल्याशिवाय उमटत नाहीत, आणि वरच्या रांगेतले आकडे तिथे चालत नाहीत. रोजचं काम असं असेल तर १०४ बटणांचा पूर्ण किंवा ९६ टक्क्यांचा संच घ्या. नुसतं कोडिंग किंवा लिखाण असेल तर ७५ टक्के पुरे. ६० टक्के हा दुसरा कीबोर्ड म्हणून ठीक.

पहिल्यांदा हॉट-स्वॅप पीसीबीच (स्विच जिच्यावर बसतात ती सर्किटची पाटी) घ्या. त्यात स्विच सॉकेटमध्ये बसतो, डाख द्यावा लागत नाही. स्विच तीन पायांचे येतात आणि पाच पायांचेही. पाचातले दोन पाय प्लॅस्टिकचे, नुसत्या आधारासाठी असतात. पीसीबीला त्यांची भोकं नसतील तर ते नेलकटरने कापून टाका, स्विचचं काही बिघडत नाही. धातूच्या दोन पायांना मात्र हात लावायचा नाही.

स्विच मोजून तेवढेच मागवू नका. ८७ बटणांच्या कीबोर्डला ९० घेतले तर तीनच उरतात, आणि पहिल्या जोडणीत दोन-चार पाय मोडणं नेहमीचंच. आठ-दहा जास्तीचे ठेवा.

की-कॅपमध्ये, म्हणजे बटणावरच्या टोपीत, फसगत होते ती उजव्या शिफ्टची. पूर्ण कीबोर्डवर ती २.७५ युनिटची असते, ६५ आणि ७५ टक्क्यांच्या बहुतेक कीबोर्डवर १.७५ ची. एक युनिट म्हणजे १९.०५ मिलिमीटर. स्पेसबारच्या उजवीकडची बटणंही छोट्या कीबोर्डवर १.२५ ऐवजी एका युनिटची असू शकतात. संचाच्या फोटोत ही मापं दिसली नाहीत तर विकणाऱ्याला विचारा, अंदाजाने मागवू नका.

जोडण्याआधी तपासणी: हे टाळूच नका

पीसीबी डब्यातून काढली की आधी संगणकाला लावा. केसही नको, स्विचही नको. ब्राउझरमध्ये कुठलंही की-टेस्टर पान उघडा आणि चिमट्याच्या दोन टोकांनी प्रत्येक सॉकेटचे दोन संपर्क क्षणभर जोडा. ते बटण पडद्यावर उमटलं पाहिजे. या कामाला दहा मिनिटं लागतात. एखादं बटण मेलेलं निघालं तर पीसीबी कोरी असेपर्यंतच विक्रेता परत घेईल. स्विच बसवून, स्क्रू आवळून झाल्यावर "आधीच खराब होती" हे पटवणं कठीण.

काहीच उमटत नसेल तर पीसीबीला दोष देण्याआधी केबल बदला. मोबाइल चार्जिंगच्या कितीतरी स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच, नुसता वीजपुरवठा असतो. दिवे लागतात आणि संगणकाला कीबोर्ड दिसत नाही, ही अशा केबलची खूण. दुसरी गोम टाइप-सीची आहे. काही स्वस्त पीसीबींवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. अशी पीसीबी दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर मेल्यासारखी पडून राहते, आणि एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेल्या केबलवर मुकाट चालते.

स्टॅबिलायझर

स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस या लांब बटणांखाली तारेचा आधार असतो. कीबोर्ड खडखडतो तो इथे. आणि पीसीबीवर बसणारे स्टॅबिलायझर प्लेट (स्विच धरून ठेवणारा पत्रा) व स्विचच्या आधी बसवायचे असतात, हे विसरलं की सगळे स्विच काढून पहिल्यापासून सुरुवात. डाख दिलेल्या पीसीबीवर ही चूक झाली तर ६०-७० स्विचचा डाख पंपाने उपसावा लागतो.

बसवण्याआधी तार आरशावर किंवा सपाट टाइलवर ठेवा. एक टोक उचललेलं दिसलं, बोटाने टिचकी मारल्यावर तार डुलली, तर ती वाकडी आहे. हळूहळू वाकवून दोन्ही टोकं टेकवा. ग्रीस कितीही ओता, वाकड्या तारेचा आवाज जात नाही. तार सरळ झाली की तिच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावा. कीबोर्डमध्ये सढळ हात चालतो तो एवढ्याच ठिकाणी. स्क्रूचा प्रकार असेल तर स्क्रू हाताला लागेपर्यंतच आवळा. जास्त पिळलं की प्लॅस्टिकचे आटे जातात आणि बटण वर येताना अडकतं.

स्विच बसवताना आणि ग्रीस लावताना

स्विचचे दोन्ही पाय आधी डोळ्यांसमोर धरून पाहा. वाकडा असेल तर चिमट्याने सरळ करा. मग सॉकेटच्या मागे बोटाचा आधार देऊन स्विच सरळ खाली दाबा. आधार नसला तर दाबाने सॉकेट पीसीबीवरून उखडतं, कधी तांब्याचा पट्टाही सोबत घेऊन येतं, आणि मग डाख दिल्याशिवाय गत्यंतर नाही.

कारखान्यातूनच ग्रीस लावून आलेले लिनियर (दाबताना ठेचका न लागणारे) स्विच घेतले तर पहिल्या वेळी हे काम सोडून देता येतं, आणि द्यावंच. स्वतः लावायचं असेल तर क्रायटॉक्स २०५जी० हे ग्रीस आणि शून्य नंबरचा ब्रश. पाच ग्रॅमची डबी एका कीबोर्डला पुरून उरते. खालच्या खोबणीतल्या कडा आणि दांड्याच्या (बटणासोबत खालीवर होणाऱ्या भागाच्या) बाजू, एवढंच पुसट ओलं करायचं. पांढरा थर दिसू लागला म्हणजे जास्त झालं, बटण चिखलात रुतल्यासारखं सावकाश वर येईल. टॅक्टाइल (दाबताना मध्ये ठेचका लागणाऱ्या) स्विचमध्ये धातूच्या पत्तीला घासणाऱ्या, दांड्याच्या दोन पायांना ग्रीस लावलं की त्याचा ठेचका बोथट होतो. क्लिकी (टिक असा आवाज करणाऱ्या) स्विचला हात लावू नका.

घरात आहे ते लावून पाहण्याचा मोह आवरा. खोबरेल तेल डिसेंबरच्या थंडीत गोठतं आणि पुढे खवट होतं. व्हॅसलिन मे महिन्याच्या ४५ अंशांत पातळ होऊन खाली उतरतं. डब्ल्यूडी-४० उडून जातं आणि मागे राहिलेल्या चिकट थरावर धूळ बसते.

जागेचंही पाहा. दिवाळीनंतर घरात कापसाचा ढीग असेल तर त्या खोलीत स्विच उघडू नका. रुईचा बारीक तंतू ग्रीसमध्ये बसला की डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवतो. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोरही नको, ओलावा आणि धूळ दोन्ही येतात. एका वेळी दहा स्विच उघडा, बाकीचे झाकण असलेल्या डब्यात ठेवा.

डाख द्यायची वेळ आलीच तर

६०/४० चं (कथील-शिशाचं) ०.८ मिलिमीटर जाडीचं सोल्डर, टोक ३३० ते ३५० अंश, एका जोडाला दोन-तीन सेकंद. टोक पायाला आणि पट्ट्याला एकाच वेळी टेकवा, मग सोल्डर त्या तापलेल्या जागी लावा, आयर्नच्या टोकाला नव्हे. राळेचाच फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामाचा ॲसिडचा फ्लक्स काही महिन्यांत तांबं खातो.

गावात नडतं ते व्होल्टेज. एकाच डीपीवर घरं आणि ओलिताचे पंप असतील तर संध्याकाळी २३० चे १८० होतात. साध्या आयर्नची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे २५ वॅटचं आयर्न जेमतेम १५ वॅटचं उरतं. सोल्डर वितळतं, पण पट्टा पुरेसा तापत नाही. जोड वरून गोळीसारखा दिसतो आणि आतून सुटाच राहतो. बाजूने उतरता, शंकूसारखा दिसणारा जोड चांगला. तापमान धरून ठेवणारं आयर्न घ्या, नाहीतर पंप बंद असतील ती वेळ गाठा.

बिघाड कुठे शोधायचा

एकच बटण चालत नसेल तर स्विच उपसून पाहा. बहुतेक वेळा पाय वाकून खाली चपटा झालेला दिसेल. अख्खी रांग किंवा उभी ओळ मेली असेल तर स्विच बदलत बसू नका. दोष पीसीबीच्या पट्ट्यात किंवा कंट्रोलरच्या जोडात असतो. एका दाबात दोन अक्षरं उमटत असतील तर आधी स्विच बदलून पाहा, मग क्यूएमके फर्मवेअरमधला (कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमधला) डिबाउन्स, म्हणजे दाब पक्का मानण्याआधी थांबायची वेळ, नेहमीच्या ५ मिलिसेकंदांवरून ८ किंवा १० करा. झडीच्या दिवसांत ही तक्रार वाढली तर संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं.

बिनतारी कीबोर्डची बॅटरी वेगळी मागवली असेल तर फक्त प्लग बसतो म्हणून जोडू नका. लाल-काळ्या तारांचा क्रम सगळ्या बॅटऱ्यांत सारखा नसतो. पीसीबीवरची अधिक-उणे खूण जुळवून पाहा, उलट लागली तर बोर्ड जातो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि टिनाच्या खोलीत मे महिन्यात दुपारी तेवढं सहज होतं. चार्जिंग रात्री करा.

ॲल्युमिनियमच्या केसला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर कीबोर्ड उघडू नका. लॅपटॉपचा चार्जर काढा. मुंग्या थांबल्या तर बहुधा घराच्या बोर्डाला अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून ते करून घ्या, तोवर लॅपटॉप बॅटरीवर चालवा.