सभासद-याद्या एकत्र करताना: क्वेरीच्या आधीचं काम

पतसंस्थेच्या दोन शाखांच्या याद्या एसक्यूलाइटच्या (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) एका फाइलमध्ये आणायच्या म्हटलं की नवी मुलं आधी विचारतात, "डुप्लिकेट उडवायची क्वेरी कोणती?" क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, दोन ओळींची असते हो. डोकं खातं ते दुसरंच: कुठल्या दोन नोंदी म्हणजे एकच माणूस?

नाव आणि जन्मतारीख जुळली की झालं, असं वाटतं. जुन्या यादीत 1 जून शोधून बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख अर्ध्या गावाची असते. त्यात आडनाव पाटील किंवा जाधव असलं, की दोन माणसांचा एक झालाच. मोबाईलवरही विसंबू नका. मुलाचा नंबर आई-वडिलांच्याही फॉर्मवर असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बाई उलट दोनदा येतात.

शिवाय देवनागरीच्या खोड्या. 'कऱ्हाडे' ऱ वापरून टाइप होतं, तसंच साध्या र्-नंतर झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालूनही. 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, किंवा अ-वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखंच, संगणकाला वेगळं. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) चालवूनही हे फरक जात नाहीत; बदलायच्या अक्षरांची यादी आपणच करायची. मी मूळ नावाला हात लावत नाही, शेजारी फक्त तुलनेसाठी वेगळा कॉलम ठेवतो.

सगळ्यात घातक प्रकार पॅनचा. पॅनच्या कॉलमवर युनिक (एकच पॅन दोनदा नको, हा नियम) लावलं, तर एसक्यूलाइट प्रत्येक नल (काहीच न भरलेली जागा) वेगळा धरतं, त्यामुळे पॅन नसलेले सगळे सुखरूप आत येतात. पण सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) थेट इम्पोर्ट केली की रिकामा रकाना नल न होता रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) होतो, आणि अशा सगळ्या स्ट्रिंग एकसारख्याच धरल्या जातात. मग 'इन्सर्ट ऑर इग्नोर' (नियम मोडणारी ओळ सोडून देणारी आज्ञा) पॅन नसलेला पहिला सभासद घेतं आणि बाकीचे गुपचूप गाळतं. एररसुद्धा येत नाही! म्हणून आधी सगळं कच्च्या टेबलात घ्या, प्रत्येक ओळीला शाखा आणि मूळ ओळ क्रमांक जोडा, 'नलइफ'ने रिकाम्या स्ट्रिंगचे नल करा, आणि शेवटी आत गेलेल्या नि वगळलेल्या ओळींची बेरीज मूळ ओळींशी जुळवा.

संशयित जोड्या शाखेतल्या जुन्या क्लार्ककडे पाठवा. त्यांना माणसं चेहऱ्याने ठाऊक असतात. एकत्र केलेल्या नोंदींचे जुने आणि नवे क्रमांक वेगळ्या टेबलात जपा, कारण कर्जाच्या नोंदी अजून जुन्याच सभासद क्रमांकावर असतात.