जनरेटरने नवा बॅकएंड प्रोजेक्ट उभा करताय? या चुका टाळा

कमांड चालवली, ब्राउझरमध्ये स्वागताचं पान दिसलं, की पहिला राउट (कोणत्या पत्त्यावर काय उत्तर द्यायचं तो कोड) लिहायला हात शिवशिवतात. जरा थांबा. जनरेटरने, म्हणजे प्रोजेक्टचा सांगाडा तयार करून देणाऱ्या टूलने, तुम्हाला न विचारता बरंच काही ठरवून टाकलंय आणि त्यातलं थोडं नंतर बदलता बदलता घाम फुटतो.

जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे प्रोजेक्ट तयार होताच मायग्रेट, म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलं बनवणारी कमांड, चालवणं. त्या क्षणी जँगोचं तयार यूजर मॉडेल डेटाबेसमध्ये ठाण मांडतं. पुढे कुणीतरी म्हणतं, ‘लॉगिन ईमेलने हवं’, आणि मग यूजरला जोडलेल्या प्रत्येक टेबलाच्या फॉरेन की (टेबलं एकमेकांना जोडणारे दुवे) उसवत बसावं लागतं. मी एकदा बसलोय, पुन्हा बसणार नाही. पहिल्या मायग्रेटआधी एक अ‍ॅप करून त्यात अ‍ॅब्स्ट्रॅक्टयूजरवरून स्वतःचा यूजर क्लास लिहा. आत नुसतं ‘पास’ असलं तरी चालेल. अ‍ॅप सेटिंग्जमध्ये नोंदवा आणि ऑथ_यूजर_मॉडेलला ‘अ‍ॅपचं नाव.क्लासचं नाव’ असं द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक पहिल्या कमिटची, म्हणजे गिटमध्ये कोडची पहिली नोंद करतानाची. जँगो सीक्रेट की (सेशन वगैरे सुरक्षित ठेवणारी गुप्त किल्ली) थेट सेटिंग्जच्या फायलीत लिहितं. ३.२ आवृत्तीपासून तर तिच्या सुरुवातीलाच ‘जँगो-इनसिक्युअर’ असा इशारा असतो, तरी ती तशीच गिटमध्ये जाते. रुबीचं फ्रेमवर्क रेल्स निदान आपली गुप्त मास्टर की गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत, टाकतं. नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कच्या जनरेटरला ‘गिट’ पर्याय दिला नाही तर गिटइग्नोरच मिळत नाही आणि नोड मॉड्यूल्सचं (बाहेरून आणलेल्या लायब्ररींचं) अख्खं गाठोडं रेपोत शिरतं. एकदा पुश झालेली गुप्त की पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. ती कीच बदला.

एक्सप्रेसचंच आणखी एक: काही सांगितलं नाही तर तो जेड हे टेम्प्लेट इंजिन (एचटीएमएल पानं बनवणारं साधन) बसवतो. जेडचं नाव बदलून पग झालं, त्यालाही जमाना झाला. फक्त एपीआय हवा असेल तर ‘नो-व्ह्यू’ द्या.

जाव्हाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कचा जनरेटर असलेल्या स्प्रिंग इनिशियलायझरवर ‘असू दे, लागेल’ म्हणत डिपेंडन्सींवर (जोड-लायब्ररींवर) टिक करत जाऊ नका. जेपीए (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) निवडलं पण डेटाबेसची यूआरएल दिली नाही, तर ‘फेल्ड टू कॉन्फिगर अ डेटासोर्स’ म्हणत अ‍ॅप सुरूच होत नाही. सिक्युरिटी निवडली की सगळे एंडपॉइंट (अ‍ॅपचे पत्ते) कुलूपबंद. नाव ‘यूजर’ आणि पासवर्ड कन्सोलच्या लॉगमध्ये छापलेला असतो, तो वर स्क्रोल करून शोधा.

आणि स्प्रिंगमध्ये कंट्रोलर (विनंतीला उत्तर देणारा क्लास) बरोबर असूनही ४०४ येत असेल, तर पॅकेज बघा. मुख्य क्लास कॉम.एक्झाम्पल.डेमोमध्ये आणि कंट्रोलर कॉम.एक्झाम्पल.एपीआयमध्ये असेल, तर स्प्रिंगला तो दिसतच नाही, कारण शोध मुख्य क्लासच्या पॅकेजपासून खालीच होतो. कंट्रोलर कॉम.एक्झाम्पल.डेमो.एपीआयमध्ये हलवा.

राहिली ‘पोर्ट ३००० आधीच वापरात आहे’ ही एरर. बहुतेक वेळा दुसऱ्या टर्मिनलमध्ये आपलाच कालचा सर्व्हर चालू असतो.