आत्मपर लिहायचंय? आधी दुसऱ्यांचं ऐका

नव्याने लिहिणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: यावर घर चालतं का? मराठीत ललित आणि आत्मपर गद्यावर घर चालत नाही. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी. दिवाळी अंकाचं मानधन बरेचदा दिवाळी उलटून गेल्यावर येतं. तेव्हा नोकरी सोडू नका. नोकरीत भेटणारी माणसं हाच पुढे तुमचा ऐवज असतो.

या वाटेवर कोणाकडे बघावं असं विचाराल तर मी अनिल अवचटांचं नाव घेईन. १९४४ साली ओतूरला जन्म, पुण्यात बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झाले, पण रमले लिहिण्यात. घर चालायचं ते पत्नी डॉ. सुनंदा अवचटांच्या पगारावर, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. पहिलं पुस्तक ‘पूर्णिया’, १९६९चं, बिहारमधल्या दारिद्र्यावरचं. मग हमाल, तंबाखू कामगार स्त्रिया, विणकर. ‘स्वतःविषयी’ आलं ते कितीतरी वर्षांनी. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना ‘मजुरी किती मिळते, त्यात भागतं कसं?’ असं विचारलेला माणूस स्वतःलाही तेच विचारतो. म्हणून त्यांच्या आत्मपर लेखनात गळा काढणं नाही. आणि अशा लेखनाचं बळ किती, तर ब्राउन शुगरच्या व्यसनावरचे त्यांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले. १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

घरच्यांबद्दल लिहायला बसाल तेव्हा नुसत्या आठवणींवर विसंबू नका. मी आईच्या हिशेबाच्या वह्या काढून बसलो होतो. जूनच्या पानावर ओळीने होतं: वह्या-पुस्तकं, छत्री दुरुस्ती, रॉकेल, आणि शेवटी ‘उसने – वरच्या वहिनी’. आमच्या ओढगस्तीवर मी लिहिलेली दोन पानं त्या एका नोंदीपुढे फिकी होती. ती काढली, नोंद ठेवली.

ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना छापण्याआधी वाचून दाखवा. माझ्या आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खरंय रे सगळं. पण नणंदेचं तेवढं मी असेपर्यंत नको.” तो मजकूर अजून माझ्या कपाटात आहे. लेख थांबू शकतो, आत्याला या वयात सासरी तोंड लपवायला लागू नये.

आता व्यवहाराचं. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा संपादकांना विषय आधी कळवा. गणपतीत पाठवलेल्या लेखाला सहसा जागा उरलेली नसते. पुस्तकाचा करार कागदावर करा आणि ऑडिओ, ई-बुक, अनुवाद यांचे हक्क कोणाकडे राहणार ते सही करण्याआधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका, चांगले प्रकाशक यात राग मानत नाहीत.