खडकाळ किनाऱ्यावर मुलांकडून जीवांची मोजणी कशी करून घ्यावी

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील ज्या शाळेपासून खडकाळ किनारा चालत जाण्याइतका जवळ आहे, तिला सागरी विज्ञानासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. दिवस मात्र नीट निवडावा लागतो. कोकणात तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. त्या हिशेबाने द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेसातला येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला हीच ओहोटी सकाळी सहाला येत असल्यामुळे मुले जमणे कठीण. त्यानंतरची द्वितीया किंवा तृतीया सोयीची, कारण उधाणाचा जोर तेव्हाही टिकून असतो. मुलांनी स्वतः केलेला हिशेब छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावा आणि पाण्याची उंचीही बघावी, कारण दिवसातल्या दोन्ही ओहोट्या सारख्या खाली उतरत नाहीत. पावसाळ्यात हा उपक्रम घेऊच नये.

पीव्हीसी नळीची, आतून 50 सेंमी भरेल अशी चौरस चौकट करून तिच्यात दर 10 सेंमीवर नायलॉनची दोरी ताणावी. अशी 25 घरे पडतात आणि प्रत्येक घर 4 टक्के जागा दाखवते. मग भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या दिशेने 30 मीटरची दोरी टाकून दर 5 मीटरवरच्या गाठीपाशी चौकट ठेवावी व आतले जीव मोजावेत. नावे सांगण्याची घाई शिक्षकांनी करू नये. ‘काळा, टोकदार, तांदळाएवढा शंख’ अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगाची असते. वरच्या कोरड्या खडकावर बारीक शंख, तर खाली कालवे आणि शेवाळ असा क्रम दिसू लागला की उन्हात जास्त वेळ कोण तग धरतो, हा प्रश्न मुलेच विचारतात.

डबक्यात समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून राहणारा प्राणी) सापडले, तर ओल्या बोटाने एकदाच हलका स्पर्श करू द्यावा. ते आक्रसून वाळू चिकटलेल्या गोळ्यासारखे होते. पुन्हा उमलायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून लिहावे.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात निघावे. एका मोठ्या माणसाने मोजणीत न गुंतता फक्त समुद्राकडे लक्ष ठेवावे. शंकूच्या आकाराचे शंख हाताळू देऊ नयेत, त्यांतील काहींचा डंख विषारी असतो. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ती उचलू नयेत. उलटवलेला दगड होता तसाच ठेवावा, नाहीतर त्याच्या खालचे जीव उन्हात सुकून मरतात.

दोरीचे वरचे टोक भरती न पोहोचणाऱ्या, सहज ओळखू येणाऱ्या एकाच खडकाला दर महिन्याला बांधावे. जागा बदलली, तर आकड्यांतला फरक ऋतूमुळे पडला की खडकामुळे, हे सांगता येणार नाही.