परतीच्या शेवटच्या दिवशी ट्रेलरचे दिवे

यलोस्टोन पाहून तीन आठवड्यांनी आम्ही कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचे फिरते घर) घेऊन सॅक्रामेंटोला परतत होतो आणि नेव्हाडातील एल्कोपासून इंटरस्टेट ८० महामार्गाने सुमारे ६८० किलोमीटरचा अखेरचा टप्पा उरला होता. विनमक्का येथे पेट्रोल भरताना पत्नीने मागे उभे राहून पाहिले, तर उजवा इंडिकेटर देताच ट्रेलरचे मागचे सगळेच दिवे मंदपणे एकत्र लुकलुकत होते. पुढे डॉनर समिटचा घाट उतरायचा असल्याने मागच्या दिव्यांचा भरवसा हवाच होता.

आधी मी फ्यूज बदलून पाहिला आणि त्यात अर्धा तास फुकट घालवला. एकच दिवा बंद असता तर बल्बवर संशय घेता आला असता. परंतु सगळेच दिवे एकमेकांत मिसळल्यासारखे वागतात तेव्हा बहुधा अर्थिंग सैल असते, कारण परतीची वाट न मिळालेली वीज इतर दिव्यांमधून वाट काढते. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधून येणारी अर्थिंगची पांढरी तार ट्रेलरच्या सांगाड्याला जिथे स्क्रूने जोडली होती, तिथे गंजाचा तपकिरी थर साचला होता आणि तार बोटाने दाबताच दिवे ताळ्यावर येत होते.

स्क्रू काढून मी लोखंड चकाकेपर्यंत सँडपेपरने घासले, तारेच्या टोकाला नवे रिंग टर्मिनल, म्हणजे स्क्रूखाली बसणारी धातूची कडी, बसवले (ते उगाच सामानात भरले, असे तोवर माझेच मत होते), स्क्रू घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. रीनोला पुन्हा तपासले, तेव्हा प्रत्येक दिवा आपापलेच काम करत होता. घरी पोहोचायला मात्र रात्रीचे साडेनऊ वाजले.