सोलापूरच्या उन्हाळ्यात परवडणारी वाइन कशी चाखावी आणि दुसऱ्याला कशी सुचवावी

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दाजी आले म्हणून चिलीची एक लाल वाइन आणली होती. दुकानात नुसता पंखा, बाटली दर्शनी फळीवर उभी आणि दुपारचं ऊन थेट तिच्या अंगावर. घरी येऊन वरचं वेष्टन काढलं तर बूच काठाच्या वर आलेलं आणि गळ्यावर चिकट ओघळ. ग्लासात ओतली तेव्हा आटवलेल्या मनुकांसारखा वास आला. दाजींनी एक घोट घेतला, ग्लास बाजूला सरकवला आणि म्हणाले, "वाइन असलीच असते होय?" त्यानंतर कितीतरी दिवस ते वाइनच्या वाटेला गेले नाहीत. मुळात ती वाइन वाईट नव्हती, ती उन्हानं शिजली होती. आपल्याकडे पारा 43च्या पुढे जातो, त्यामुळे सोलापुरात वाइनची पहिली पारख जिभेनं नाही, दुकानात उभं राहूनच करायची.

बाटली घेताना

एसी नसलेल्या दुकानातून मार्च ते जून वाइन घेऊ नका. घेणं भागच असेल तर काचेच्या दर्शनी कपाटातली नको, आतल्या खोक्यातली मागा. बूच वर आलंय का, गळ्यावर ओघळ आहे का, ते बघा. फिरकीचं झाकण असेल तर ती हलक्या प्रतीची वाइन समजू नका. रोजच्या, लवकर प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा भरवशाचं असतं. लेबलवरचं वर्षही वाचा. हजाराच्या आतली पांढरी वाइन द्राक्षाच्या हंगामापासून दोन वर्षांत संपवलेली बरी. "जितकी जुनी तितकी चांगली" हे अशा बाटल्यांना लागू पडत नाही.

घरी आणल्यावर माळ्यावर ठेवू नका. स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. लाल असो की पांढरी, सरळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा.

गार करणं

लाल वाइन "खोलीच्या तापमानाला" प्यावी, असं सगळीकडे छापलेलं असतं. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, 16 ते 18 अंशांची. जुळे सोलापुरातल्या हॉलमध्ये रात्री नऊ वाजताही 34-35 अंश असतात. इतक्या गरम वाइनमधून आधी अल्कोहोलचा झणका नाकात जातो आणि फळाचा वास मागे पडतो. स्वस्त लाल वाइनला नावं ठेवली जातात त्यातली निम्मी या एका कारणानं, असं माझं मत आहे.

बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला. लाल बाटली त्यात पंधरा मिनिटं, पांढरी अर्धा तास. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी बाटलीला सगळीकडून धरतं, म्हणून लवकर गार करतं. फ्रिजमधून काढलेली लाल वाइन मात्र वीस मिनिटं बाहेर राहू द्या, कारण फार गार झाली की तुरटपणा टोचतो.

चाखणं

एकट्यानं एक बाटली चाखून फारसं काही कळत नाही. चौघांनी मिळून दोन बाटल्या घ्या, खर्चही वाटला जातो. दोन्ही कागदात गुंडाळून 1 आणि 2 आकडे घाला. किंमत आणि देश दिसला की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. ग्लासात साधारण 50 मिलि ओता, त्याहून जास्त नको, कारण वास फिरायला वरची जागा मोकळी लागते. वरच्या बाजूला निमुळता होत जाणारा कुठलाही पातळ काचेचा ग्लास चालतो. उदबत्ती, अत्तर आणि फोडणी, तिन्ही त्या वेळेपुरती लांब ठेवा.

आधी वास घ्या. ओलं पोतं किंवा भिजलेली रद्दी आठवली तर बुचाचा दोष आहे. कापून काळं पडलेलं सफरचंद आठवलं तर हवा लागलीय. व्हिनेगरचा वास आला तर विषय संपला. यातलं काही नसेल तर घोट घ्या, चूळ भरतो तसा तोंडभर फिरवा आणि थुंका. चाखण्यात थुंकणं हा असभ्यपणा नाही. जगभर चाखणारे तेच करतात. चार-पाच वाइन चाखायच्या असतील तर दुसरा मार्गही नाही.

घोटानंतर स्वतःला एकच विचारा: तोंडाला पाणी सुटलं की जीभ कोरडी पडली? पाणी सुटलं तर आंबटपणा, म्हणजे कैरीचा गुण. कोरडी पडली तर तुरटपणा, म्हणजे सुपारीचा गुण. हा फरक पक्का करायचा तर बिया असलेलं एक काळं द्राक्ष घ्या, गर खाऊन टाका आणि राहिलेली साल नि बी सावकाश चावा. हिरड्यांना जो कोरडेपणा जाणवतो तोच लाल वाइनमधला टॅनिन. आपल्या नान्नजची सोनाका द्राक्षं बिनबियांची, पातळ सालीची, खाण्यासाठीची. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात ती याचसाठी.

बाकी शब्द उसने घेऊ नका. आमच्या गच्चीवर एकदा एका मित्रानं शिराझ या लाल वाइनचा वास घेतला आणि म्हणाला, "मिरी कुटल्यासारखं येतंय." तो बरोबर होता. मिरीत जे रोटंडोन नावाचं द्रव्य असतं तेच शिराझमध्ये सापडतं. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरची आणि पेरू येतो, त्यातल्या मिरचीच्या वासामागेही मिरचीतलीच द्रव्यं आहेत. चेरी आणि ब्लॅकबेरी न खाल्लेल्या माणसानं जांभूळ नि करवंद लिहावं. ते जास्त खरं.

पैसा कुठे टाकायचा

परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षं 150 टक्के आयात शुल्क राहिलं. म्हणजे तिकडची अगदी साधी बाटली इथे भारी किमतीला येते. म्हणून हजाराच्या आत मी आधी इथलीच घेतो. आणि त्यासाठी नाशिकलाच जायला हवं असं नाही. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ही वाइनरी आहे, इटलीचं सांजोवेझे द्राक्ष माळशिरस तालुक्यात पिकवते. त्यांची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन मी नवख्यांना बिनधास्त देतो.

पुढे जायचं तर चिलीची लाल कार्मेनेर घ्या. ते द्राक्ष तिथे मर्लो हे दुसरंच द्राक्ष समजून लावलं जात होतं, 1994मध्ये ओळख पटली. अर्जेंटिनाची लाल माल्बेक भरदार आणि मऊ. दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लां इथल्या शेनिनशेजारी ठेवून चाखली तर एकाच द्राक्षाची दोन रूपं कळतात. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर 2022मध्ये लागू झाला, त्यामुळे तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांचं शुल्क कमी झालं. शिराझ घ्यायची तर तिथली बघा. फ्रान्सचं मोठं नाव स्वस्तात दिसलं तर मी थांबतो. त्या किमतीत बहुतेक पैसा नावाला आणि शुल्काला गेलेला असतो.

दुसऱ्याला सुचवणं

इथे माझी सगळ्यात जास्त कळकळ आहे, कारण दाजींच्या बाबतीत मी हेच चुकलो होतो. मला आवडलेली बाटली मी त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांना काय रुचतं ते विचारलंच नाही. आता मी आधी चहाबद्दल विचारतो. दोन चमचे साखर लागणाऱ्याला तुरट लाल कॅबरने देऊ नका, त्याला किंचित गोडसर, गार शेनिन द्या. कोरा चहा, कारलं, सुपारी आवडणारा माणूस तुरट लाल वाइनवर खूश होतो. मग जेवणाचं विचारा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी असेल तर जास्त अल्कोहोलची तुरट लाल वाइन तिखटाची आग आणखी भडकवते. गोडसर पांढरी ती विझवते. मटणाचं सुकं बेताच्या तिखटाचं असेल तर शिराझ जमते. शेवटी खर्चाचं विचारा, आणि सांगितलेल्या आकड्याच्या वरचं नाव कधीही घेऊ नका. दोन नावं सांगा, त्यातलं एक त्यांच्या आकड्याहून स्वस्त असू द्या.

न पिणाऱ्याला आग्रह नको, गाडी चालवणाऱ्याला आणि गरोदर बाईला तर मुळीच नको. राज्यात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे.

दाजींना पुढे एका डिसेंबरात शेतावर हुरड्याबरोबर गार शेनिन दिली. भरपूर साखरेचा चहा पिणारा माणूस. त्यांनी लेबलचा फोटो काढून घेतला.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, लाल असली तरी. तीन दिवस चव टिकते. चौथ्या दिवशी ग्लासात ओतू नका. मटण मुरवायला वापरा, पेलाभर पुरते.